सूर्याच्या वाटेनं

बेकर्स टिकल या खाडीकाठच्या गावात एफी स्ट्रिकलंडला गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "बोलण्याचा सगळा वाटा थोरल्या भावानं उचलला, धाकटीला काही उरलंच नाही," असं शेजारची सुझी मावशी म्हणायची, आणि एफी त्यावरही काही बोलायची नाही. ती याच खाडीच्या काठावर जन्मली. मासे चिरायच्या धक्क्यावर आईच्या शेजारी उभी राहून कॉड माशांची मुंडकी उडवायला शिकली. उन्हाळाभर खारवलेले मासे वाळत घालायचे, ढग दिसला की धावत जाऊन गोळा करायचे, ऊन पडलं की पुन्हा पसरायचे, यात तिची हाडं तयार झाली. मग तिनं लीव्हाय स्ट्रिकलंडशी लग्न केलं. लीव्हाय तिच्याहूनही अबोल होता. त्यानं लग्नाचं विचारलं ते तिच्या दाराशी फोडलेल्या लाकडांची रास रचून, आणि तिनं होकार दिला तो त्याच लाकडांवर चहा उकळून. गावात यावरून बरेच दिवस हसणं चाललं होतं.

लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, पोरगा हेडली अजून खुर्चीला धरून उभा राहत होता, तेव्हा एका सकाळी लीव्हाय आणि एफीचा भाऊ चेस्ली एका बोटीतून गेले आणि चेस्ली एकटा परत आला.

आता चेस्लीबद्दल, म्हणजे गावाच्या चेसबद्दल, सांगायला हवं. तो नसता तर या गावातले हिवाळे कुणी काढले असते देव जाणे. बर्फ पडून वाटा बुजल्या की माणसं एकमेकांच्या स्वयंपाकघरात जमायची, स्टोव्हवर किटली चढायची आणि चेस सुरू व्हायचा. त्याच्या गळाला लागलेला हॅलिबट मासा सुझी मावशीच्या घरी माणसाएवढा असायचा, दुकानदाराच्या घरी दाराएवढा, आणि पाद्रीबाबा आले असतील तर मासा दारातून आतही यायचा नाही. कुणी हरकत घेतली तर चेस म्हणायचा, "गोष्ट ऐकायला आलात की साक्ष घ्यायला?" सगळे हसायचे. तो खोटं बोलतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

फक्त लीव्हायची गोष्ट वेगळी होती. पहिल्या हिवाळ्यात ती त्याला नीट सांगताच येत नव्हती. तुकडे यायचे, मध्येच तो उठून बाहेर जायचा. पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत ती जुळत गेली, आणि मग खाडीवर बर्फ धरावा तशी घट्ट झाली. त्यानंतर तिच्यातला एक शब्दही हलला नाही.

"आम्ही बाहेरच्या कडेवर होतो," चेस सुरू करायचा, आणि किटली असेल तर कुणीतरी ती खाली उतरवायचं. "मासा भरपूर. वारा उठायला लागला तेव्हा मी म्हटलं, लीव्हाय, पुरे. इंजिन सुरू केलं, बोटीचं तोंड वाऱ्याकडे केलं. वर पाहिलं तर चर्चचा कळस फुटक्या खडकाच्या पांढऱ्या चट्ट्यावर अगदी मधोमध बसलेला. मेणबत्ती लावून ठेवावी तसा. मला वाटलं, देवाचं लक्ष आहे. आणि लाट आली. मागे वळून पाहतो तो लीव्हाय बोटीत नाही. मी वळलो. सूर्याच्या वाटेनं, माणसासारखा. त्याच्यापाशी आलो, हात लांब केला, बोटांना बोटं लागली. तेव्हा तो म्हणाला, 'चेस, एफीला सांग, पोराला पाण्याची भीती घालू नकोस.' आणि दुसरी लाट आली."

इथं बाया पदर नसला तरी ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावायच्या. चेस तेवढा वेळ थांबायचा.

"बाकीच्या गोष्टी चेस रचतो," सुझी मावशी म्हणायची. "ही त्याला आठवते. म्हणून तर ती बदलत नाही." साऱ्या गावाचं हेच मत होतं.

एफीला त्या गोष्टीतलं एक वाक्य खोटं आहे हे ठाऊक होतं. बाहेरची कडा, खाडीबाहेरची दूरची मासेमारीची जागा. ते दोघं तिथं नव्हतेच. या किनाऱ्यावर प्रत्येक माणसाची मासे धरण्याची एक जागा असते. जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की आपण जागेवर आलो, असं ते ओळखतात. ती जागा माणूस सख्ख्या शेजाऱ्याला सांगत नाही. विचारलं तर तोंडावर खोटं सांगतो, विचारणाऱ्यालाही ते खोटं आहे हे कळतं, आणि दोघं एकमेकांना तंबाखू देऊन पुढे जातात. जागेबद्दलचं खोटं हे इथं खोट्यात धरतच नाहीत. लीव्हायनं आपली जागा एफीच्या कानात सांगून ठेवली होती, पोरासाठी. चर्चचा कळस फुटक्या खडकाच्या पांढऱ्या चट्ट्यावर बसला पाहिजे, आणि सुझी मावशीचं धुरांडं टोकाच्या टेकडीला टेकलं पाहिजे.

म्हणून पहिल्यांदा चेसच्या तोंडून तो कळस आणि तो चट्टा ऐकला तेव्हा एफीनं हातातला कप खाली ठेवला होता. शोध घेणाऱ्या बोटी तोवर बाहेरच्या कडेवर धुक्यात फिरून केव्हाच रिकाम्या परतल्या होत्या, दफनभूमीत लीव्हायच्या नावाची फळी नुसत्या मातीवर उभी होती. तिनं मनाची समजूत घातली, की आत काय न् बाहेर काय, पाण्याच्या त्या ओढीत माणूस सापडला नसताच. चेस जागा लपवतोय ती हेडलीसाठी, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून मला एकटीला खूण करून सांगतोय की लीव्हाय आपल्याच जागेवर गेला. तिला भावाचे उपकार वाटले. इतकी वर्षं दर हिवाळ्यात त्या वाक्याला ती मान हलवायची. कुणाला दिसणार नाही अशी.

आणि शेवटचे शब्द तर तिनं उशीखाली ठेवल्यासारखे जपले होते. ज्या माणसानं जिवंतपणी तिला कधी सबंध वाक्य दिलं नाही, त्यानं मरताना एक दिलं होतं.

हेडली वयात आला त्या वर्षी वसंतात चेसचा बोटीवरचा जोडीदार मुख्य भूमीवर कारखान्यात कामाला निघून गेला. चेस एफीकडे आला, पाय पसरून बाकावर बसला.

"हेडलीला दे माझ्याकडे."

"नको."

"मिसरूड फुटलंय त्याला. दुकानात पोती उचलून काय होणार त्याचं? पोती?"

"नको म्हटलं ना."

चेसनं कपातला चहा गोल फिरवला. "लीव्हाय काय म्हणाला होता, विसरलीस?"

गावाकडेही दुसरं काही बोलायला नव्हतं. दुकानात, चर्चच्या पायरीवर, जो भेटेल तो तेच ऐकवायचा. सुझी मावशी म्हणाली, "अगं बये, नवऱ्याचं शेवटचं मागणं होतं ते. मेलेल्याला काय दोनदा विचारायला लावतेस?" हेडली नुसता खिडकीशी उभा राहून बोटी मोजायचा, आणि ते एफीला सगळ्यात जास्त लागायचं. तिला पाण्याची भीती वाटत होती. रात्री झोप लागेना इतकी. पण ती भीती पोराच्या अंगात घालू नकोस असं लीव्हायनं सांगितलं होतं. अखेर तिनं हेडलीसाठी जाड लोकरीची लाल टोपी विणली, आणि रविवारी चर्चमधून परतताना, वाटेवर पुढेमागे कुणी नाही हे पाहून, बापाची जागा त्याच्या कानात सांगितली.

"मामाला ठाऊक आहे ही?" हेडलीनं विचारलं.

"ठाऊक आहे. पण तू नाव काढू नकोस. तो नेतो का बघ."

तीच तिची परीक्षा होती म्हणा. जपून ठेवलेली जागा भाऊ पोराच्या हाती आपणहून देतो की नाही, एवढंच तिला पाहायचं होतं.

आठवडा गेला. चेस हेडलीला सगळीकडे घेऊन गेला, तिथं नाही. हेडली चांगला कामाचा निघाला. हात सोलपटलेले, केसांत मिठाचे कण, आणि भूक अशी की एफी पाव भाजून भाजून थकली. एका दुपारी ती पीठ मळत असताना तो बोडक्या डोक्यानं आत आला आणि हसतच बाकावर कोसळला.

"टोपी कुठंय?"

"समुद्रात! आई, ऐक तर खरी, हसून मरशील. आज मीच म्हटलं मामाला, कळस चट्ट्यावर येतो तिथं जाऊ या. तर त्याचं तोंड असं झालं. म्हणे तिथं मासा नसतो. मी म्हटलं, बघू तर. सुकाणू माझ्याच हातात होतं, बोट नेली तिकडे. आणि मासा, आई! बाबाला अक्कल होती."

"टोपीचं काय?"

"सांगतो ना. निघालो तेव्हा सुकाणू मामानं घेतलं. उजव्या हाताला बुडव्या, अगदी चिकटून." बुडव्या म्हणजे पाण्याखालच्या खडकांची लांब रांग. भरतीला दिसत नाहीत, नुसतं वर पाणी पांढरं होतं. "डावीकडे सगळं मोकळं पाणी. वाऱ्यानं टोपी उडाली ती डावीकडेच पडली, जवळच, तरंगत होती. नुसतं डावीकडे वळलं असतं तरी वल्ह्यानं उचलली असती. मी म्हटलं, मामा, वळ! तर हा वळेना! डावीकडे वळायचं म्हणजे सूर्याच्या उलट ना." या किनाऱ्यावर बोट सूर्य फिरतो तशी, उजवीकडूनच वळवतात; उलट वळवली तर ती बुडते असं मानतात.

एफीचे हात पिठात थांबले.

"मग?"

"मग काय! उजवीकडे तर बुडव्या. त्या संपेपर्यंत आम्ही सरळ पुढे, पार टोकापर्यंत, आणि तिथून उजवीकडून वळसा घालून परत. सूर्याच्या वाटेनं, माणसासारखं!" त्यानं मामाचा आवाज काढला. चांगला काढला. "तेवढ्यात मी चहा करून प्यायलो असतो. परत येतो तर कसली टोपी? आणि मी सारखा ओरडतोय, मामा वळ, मामा वळ, तर त्याला इंजिनात काही ऐकूच येत नाही. मी बोटीत, त्याच्या पुढ्यात! नुसतं माझं तोंड हललेलं दिसत असेल."

तो पुन्हा हसला. मग आईचं तोंड पाहून थांबला. "टोपीचं एवढं काय? दुसरी विण."

"विणते," एफी म्हणाली.

ती कधी बोटीत बसली नव्हती. इथं बायका बसत नाहीत. जागा तिला शब्दांनी माहीत होती, कळस आणि चट्टा आणि धुरांडं. तिथं पाणी कसं आहे, खडक कुठल्या हाताला आहेत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आता तिच्या डोळ्यांसमोर ते सगळं एकदम उभं राहिलं. लाल टोपीच्या ठिकाणी लीव्हाय होता, आणि बोट त्याच्याकडे पाठ करून बुडव्यांच्या टोकाकडे चालली होती.

तिनं स्वतःला आवरायचा प्रयत्न केला. टोपी ती टोपी. टोपीसाठी कोण सूर्याच्या उलट वळेल? माणसासाठी वळला असेल, सख्ख्या मेव्हण्यासाठी. पण मग गोष्टीत तो स्वतःच काय सांगत होता? मी वळलो, सूर्याच्या वाटेनं. दर हिवाळ्यात, भरल्या घरात, शंभर कानांसमोर त्यानं ते सांगितलं होतं, आणि कुणाला काही वाटलं नव्हतं, कारण बाहेरच्या कडेवर चारी बाजूंनी मोकळं पाणी आहे, तिथं कुठूनही वळलं तरी सारखंच. बाहेरची कडा हे तेवढ्यासाठी होतं. शोधाच्या बोटी जर त्या जागेवर आल्या असत्या तर पहिल्याच माणसानं बुडव्यांकडे बघून विचारलं असतं, की चेस, तू वळलास कसा?

तिनं पीठ झाकलं, हात धुतले आणि धक्क्यावर गेली. चेस एकटाच मासे चिरत होता.

"चेस, गोष्ट सांग."

"कुठली?"

"लीव्हायची."

"इथं? या हातांनी?" तो हसला. "रविवारी ये, मावशीकडे जमतोच आहोत."

"आत्ता सांग. मला एकटीला."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं ती तिला एकटीला कधीच सांगितली नव्हती, हे दोघांच्याही लक्षात आलं. मग त्यानं सुरुवात केली. बाहेरची कडा, मासा भरपूर, वारा. तेच शब्द. ज्या ज्या ठिकाणी स्वयंपाकघरात बाया सुस्कारा सोडायच्या, तिथं तिथं तो आत्ताही थांबत होता, धक्क्यावर ऐकायला सीगल पक्ष्यांशिवाय कुणी नसताना. "मी वळलो," म्हणताना त्याचा सुरीचा हात डावीकडून उजवीकडे गोल फिरला.

"थांब," एफी म्हणाली. "बुडव्या कुठल्या हाताला होत्या?"

"बाहेरच्या कडेवर कसल्या बुडव्या, एफी?"

"कळस चट्ट्यावर बसलेला असताना."

चेसनं सुरी फळीवर ठेवली. मग त्यानं विचारलं, "ती जागा तुला कुणी सांगितली?"

म्हणजे त्यानं तिला कधी कसली खूण केलीच नव्हती. कळस-चट्ट्याचं ते वाक्य गोष्टीत चुकून राहिलं होतं. आणि ती बिचारी हिवाळ्यामागून हिवाळे त्याला मान हलवत आली होती!

"ज्याची होती त्यानं," ती म्हणाली.

"पोरगं टोपीवरून काहीबाही बरळलं वाटतं." चेसनं हात धुवायला घेतले. "तू जमिनीवरची बाई, एफी. सूर्याच्या उलट वळलेल्या बोटींचं काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. त्या बोटींतली माणसं माझ्या ओळखीची होती."

"मी वळण्याचं विचारत नाही. तो बोलला का, तेवढं सांग. पोराला भीती घालू नकोस, असं लीव्हाय बोलला का?"

चेसनं वर पाहिलं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. स्वयंपाकघरातला आवाज, ज्यावर सारं गाव लोभावलं होतं.

"तुला काय ऐकायचंय, एफी?"

ती तिथून निघाली. तिला राग आला होता, आणि तो वळण्याचा नव्हता. या किनाऱ्यावर असा एकही पुरुष नव्हता की जो त्या घटकेला छातीठोकपणे सूर्याच्या उलट वळला असता. लीव्हायही वळला नसता. चेस बुडाला असता तर लीव्हायही असाच सबंध वळसा घालून उशिरा आला असता, आणि मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला असता, जन्मभर. पण त्यानं मेलेल्याच्या तोंडात शब्द घातले नसते. ते शब्द कदाचित चेसनं दयेपोटी घातले असतील, बहिणीचं रडं पाहवेना म्हणून. घातले असतील. पण आज त्याच शब्दांना दोरी बांधून त्यानं तिचं पोर आपल्या बोटीत ओढलं होतं. त्याच बोटीत, त्याच सुकाणूवर. हे तिला कधी माफ करता येणार नव्हतं.

घरी हेडली पीठ चाखत बसला होता. एफीनं स्टोव्हमध्ये लाकूड घातलं आणि त्याच्यासमोर बसली. चेससारखं सांगणं तिला कुठून जमणार? ती अडखळली, मागचं पुढं झालं, एकदा म्हणाली सकाळ, एकदा म्हणाली दुपार. कुठली जागा, बुडव्या कुठल्या हाताला, मामा कसा वळला, शोधाच्या बोटी कुठं गेल्या. जे तिला माहीत नव्हतं तिथं ती माहीत नाही म्हणाली. हेडलीनं मध्येच टोपीसाठी डोक्याकडे हात नेला आणि तो तसाच डोक्यावर राहिला.

"उद्यापासून तू त्याच्या बोटीवर जायचं नाहीस," ती म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील की एफीनं नवऱ्याचं शेवटचं मागणं मोडलं."

"तू त्यांना हे सांगणार नाहीस?"

"सांगेन. कोण ऐकणार? मला गोष्ट सांगता येत नाही, तू बघितलंसच."

हेडलीला जन्मापासून बाप म्हणून जे काही मिळालं होतं ते त्या एका वाक्याएवढंच होतं.

"पण बाबा म्हणाला होता ना, भीती घालू नकोस म्हणून?"

"ते मामा म्हणाला."

"मग बाबा काय म्हणाला?"

एफीनं त्याच्या बोटांना लागलेलं पीठ आपल्या ॲप्रननं पुसलं, एकेक बोट धरून, तो लहान असताना पुसायची तसं.

"ओरडला असेल," ती म्हणाली. "इंजिन सुरू होतं."